सुरुंगाच्या वेळी जमिनीवर

होडीत पाठमोऱ्या बसलेल्या बाळूला बोलवायचं असेल तर फळीवर टाच आपटायची. मग तो वळतो.

टेकडीवर लाल फडकं दिसलं की वाळत घातलेली सुकी मासळी झाकायची. सुरुंगानंतर धूळ बराच वेळ खाली उतरत राहते.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत मनसोक्त धपाटे घालायचे.

धाकट्या बहिणीला, मैनाला, बघून गेलेले पाहुणे करंजाचे. मुलगा बंदरात क्रेनवर. ‘विचारपूस करून कळवतो’ म्हणाले.

अंगणवाडीच्या भिंतीवर चित्र आहे. गुबगुबीत बाळ, त्याच्या डोक्यामागे कुणाचा तरी हात, हातात खुळखुळा. बाळाची मान वळलेली.

या सगळ्या गोष्टी निशाच्या डोक्यात एकमेकींना खेटून राहायच्या, पण त्यांची आपसात ओळख नव्हती. ओळख झाली ती वैशाखात, परसात झोळी बांधली त्या दिवशी.

*जमीन*

घर सुकापूरच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. टेकडी निम्मी उरलेली. उरणला बंदर झालं, रस्ते रुंद व्हायला लागले, आणि त्या सगळ्याला लागणारी खडी इथून जायची. निशाचा नवरा गुरुदत्त त्याच खडीचा डंपर चालवायचा. खाणीत रोज दोन वेळा सुरुंग लागत, जेवणाआधी आणि उन्हं कलल्यावर. आधी फडकं, मग शिट्टी, मग ‘हटोऽऽ’ अशी आरोळी, आणि मग पायांतून वर चढणारा तो दणका. मांडणीवरची भांडी नंतरही किणकिणत राहायची.

या आळीत मूल ऐकतं की नाही हे कुणी खुळखुळ्यानं बघत नसे. खाण होती ना. सुरुंगाला मूल दचकलं की कान चांगले, विषय संपला.

निशाची रेवा फार छान दचकायची. गोधडीवर उताणी पडलेली असली की दणक्यासरशी दोन्ही हात पसरायची, मुठी उघडायची, जणू वरून पडणारं काही झेलायचंय. मग ओठ काढायची. सासू भामा खूश व्हायची.

“कान हायेत माझ्या पोरीला! बापावर नाय गेली. हा लहानपणी सुरुंगालाबी उठत नव्हता.”

“आजपण उठत नाहीत,” निशा म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

रेवाचं बाकी सगळं वेळेवर होतं. मान धरली, पालथी पडली, आता सहाव्या महिन्यात पोटावर गोल फिरायची. नजर तर इतकी तीक्ष्ण की दोरीवरचं लुगडं हललं तरी तिकडे बघायची. फक्त मध्यंतरी तिचं गूं-गूं कमी झालं होतं. निशाला वाटलं, दात येत असतील.

*झोळी*

भामानं जुन्या लुगड्याची झोळी चिंचेच्या फांदीला बांधली. रेवाला आत टाकलं. रेवानं पायाचा अंगठा तोंडात धरला आणि त्यावर मन लावून काम सुरू केलं. निशा शेजारी उभी राहून मासळी झाकत होती. फडकं लागलं होतं.

दणका झाला. कोंबड्या पळाल्या, चिंचेवरचे कावळे उडाले, घरात मांडणी किणकिणली. झाकणाचं टोपलं निशाच्या हातून सुटलं.

रेवा अंगठा चोखत होती.

निशा झोळीजवळ गेली. आईचा चेहरा दिसताच रेवा हसली. कावळे परत येऊन बसले तेव्हा तिनं वर पाहिलं.

“झोळीत कशी गुंगून गेलीय बघा,” भामा ओट्यावरून म्हणाली. “उगाच नाय म्हणत मी, झोळीसारकं सुख नाय.”

निशानं पडलेलं टोपलं उचललं. तिच्या उजव्या टाचेला माहेरच्या, मोरा बंदरातल्या होडीची फळी आठवली.

*मांडी*

दुसऱ्या दिवशी सासू बाजाराला गेल्यावर तिनं रेवाला मांडीवर घेतलं, तोंड दाराकडे. मागे हात नेऊन तांब्यावर पळी मारली. रेवा दारातून आलेल्या उन्हाच्या पट्टीत तरंगणारी धूळ बघत होती. पुन्हा मारली, जोरात. शेजारच्या ओटीवरचं कुत्रं भुंकलं. धूळ फारच सुंदर होती असं दिसत होतं.

मग निशानं रेवाला खाली जमिनीवर ठेवलं, आणि तिच्या पाठीमागे टाच आपटली.

रेवा वळली.

अगदी बाळूसारखी वळली. आधी खांदा, मग मान, मग डोळे, आणि डोळ्यांत ‘काय गं?’

बाळू निशाचा थोरला भाऊ. मोऱ्याला जाळी विणतो, होडी सांभाळतो, हातवारे करून सगळ्या धक्क्याला हसवतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. निशाच्या लग्नाच्या बोलणीत गुरुदत्तच्या मामानं विचारलं होतं, मुलाचं काय झालं? निशाच्या आईनं पदर सारखा करत सांगितलं होतं, लहानपणी ताप आला, तापात कान गेले. सगळ्यांनी चुकचुक केली. ताप कुणालाही येतो. रक्तातलं काही असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यांच्यात अशा घरची पोर कुणी करून घेत नाही.

आणि आता मैनाच्या वेळी आईनं तेच सांगितलं होतं.

जेवताना तिनं विषय काढून पाहिला.

“रेवाला पनवेलला दाखवून आणूया का?”

“काय झालं?” गुरुदत्त भात कालवत म्हणाला.

“कान.”

“कान? अगं, सुरुंगाला उडते पोरगी!” मग त्याचा हात थांबला. “तुझ्या भावाचं तापातच गेलं ना?”

“हो,” निशा म्हणाली. “तापात.”

“मग? उगाच काहीतरी डोक्यात घेते.” त्यानं आमटी मागितली.

*कडेवर*

नणंद आशालता जासईहून आली ती दारातूनच हाक मारत. “रेवाऽ! कुठं हाय माझं सोनं?”

सोनं भामाच्या कडेवर होतं आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत होतं.

“रेवा! ए रेवे! घ्या, बघत पण नाय. अगं, मीच नाव सांगितलं ना तुझ्या कानात? पाठ सुजेस्तवर धपाटे खाल्ले तुझ्यापायी.” आशालता जवळ आली, तशी रेवा तोंडभर हसली. पण आशालताचं हसू मागे पडलं होतं. तिनं पोरीच्या मागे जाऊन टाळी वाजवली. बांगड्या वाजवल्या. “आई, ही वळत का नाय?”

“पाल बघते ती. पालीपुढं तू कोण?”

“नाय गं, खरंच.” आशालतानं आवाज खाली आणला. निशा चहाचं आधण ठेवत होती. तिला ऐकू गेलंच. “हिच्या मामासारखं तर नाय ना? करंजाची माणसं कालच आमच्याकडे आली होती, मैनाची चौकशी करायला. मी म्हटलं, घर चांगलं हाय. पण एकदा भावाला विचारून सांगते.”

बाहेर शिट्टी वाजली.

निशाला तेव्हा खूप वेळ मिळाला असं नंतर वाटायचं. खरं तर शिट्टी आणि आरोळी यांच्यामध्ये चूल फुंकून होते, इतकाच. तिनं स्टो बारीक केला. हात पदराला पुसले. सासूच्या कडेवरून रेवाला घेतलं.

“द्या, आई. तुमची कंबर भरून येईल.”

गोधडी दोरीवर होती. तिनं ती आणली नाही. सारवलेल्या उघड्या जमिनीवर लेकीला उताणं निजवलं, झबलं वर सरकवलं, पाठ नीट टेकली की नाही ते हात घालून पाहिलं. रेवा तिच्या ओठांकडे बघत होती. निशानं ओठ मिटून घेतले आणि मागे सरली.

“हटोऽऽ!”

दणका जमिनीतून आला. रेवाचे दोन्ही हात उडाले, मुठी उघडल्या, सगळं अंग ताणलं गेलं, आणि ती रडायला लागली.

“बघ! बघ भवाने!” भामानं टाळ्या पिटल्या. “म्हणे वळत नाय! टाळीला कशाला वळेल ती? तिला सुरुंगच लागतो!”

“अगं बाई, काय दचकली!” आशालता हसत सुटली. छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “निशा, रागवू नको हां. मी उगाच घाबरले. मी आजच निरोप धाडते करंजाला.”

“चहात आलं घालू ना, ताई?” निशानं विचारलं.

“घाल. भरपूर घाल.”

रेवा जमिनीवर रडत होती. तिला उचलायला आशालता वाकली, भामा वाकली. निशा आलं ठेचत राहिली.

रेवाचे कान पहिल्यांदा तपासले तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत नाव घालायला नेलं होतं, तिथल्या बाईंनी सांगितलं म्हणून.