न बघता दिलेली ट्यूब

वडगाव निंबाळकरला औषध मागवायची एक रीत होती. रिकामं पाकीट नाहीतर पिळून चपटी झालेली ट्यूब स्टँडकडं निघालेल्या कुणाच्याही हातात द्यायची आणि तसलीच नवी आणायला सांगायची. दुखणं घरी राहायचं, पाकीट तेवढं स्टँडवरच्या माझ्या औषधांच्या दुकानात यायचं. मलाही ते सोयीचं होतं. गर्दीत चौकशा कोण करत बसतो!

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात गोजरबाईंच्या गेणूनं अशा दोन ट्यूब नेल्या, तोंड आल्यावर लावायच्या. तिसऱ्या खेपेला उसाला तोड आलेली. गेणू फडात अडकला, म्हणून गोजरबाई स्वतःच आल्या.

"किती दिवस झाले, मावशी?"

"संक्रांतीच्या आदीपासनं हाय."

म्हणजे महिना उलटून गेला होता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि बॅटरी मारून तोंडात पाहिलं. डाव्या गालात, जिथं त्या मशेरीची चिमूट धरून ठेवायच्या, तिथं पांढरा चट्टा होता. कड जाड झालेली.

तेवढ्यात आईला न्यायला गेणू मोटारसायकलवरून आलाच. "अजून हितंच? द्या की ट्यूब."

"गेणू, आता ट्यूब नको. बारामतीला दाखवा."

"तोड उरकली की नेतो. पंधरा-ईस दिसांचा तर प्रश्न हाय."

आम्ही दोघंच वाद घालत होतो. जिचं तोंड, ती बाकावर गप्प.

मी त्यांच्याकडं वळलो. "मावशी, हे साधं असेल, नाहीतर कॅन्सरची सुरुवात असेल. मला इथं बसून सांगता यायचं नाही. मशेरी सोडून पंधरा दिवस वाट बघता येईल, पण वाईट निघालं तर तेवढे दिवस वाया जातील. आज गेलात तर बारीक तुकडा काढून तपासतील, थोडं दुखेल. माझं म्हणाल तर आजच जा. तुम्हाला काय वाटतं?"

गोजरबाईंनी सरळ सांगितलं.

"मशेरी लगीच सुटायची न्हाय, खोटं कशाला बोलू? तुकडा काढू द्यात. गेणू, तू फडात जा. मी सूनबाईला घिऊन एकच्या यष्टीनं जाते."

"आगं आये, पर..."

"तोंड माजं हाय."

गेणूनं मोटारसायकलला किक मारली. मी बारामतीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, घडी घातली.

"वाचा की," गोजरबाई म्हणाल्या. "मला कुठं वाचता येतंय?"

मी वाचून दाखवली. चट्टा, जागा, मशेरी, महिन्यावर गेलेलं दुखणं.

"दोन ट्यूबा न बघता दिल्या, ते लिव्हलं का?"

"नाही."

"लिव्हा."

मला लाज वाटली. घडी उलगडून मी ते लिहिलं आणि खाली सही केली.