पितळी पाटी

वीजप्रकल्पासाठी नदीचं पाणी त्या कनिष्ठ अभियंता बाईने तीन वर्षं रोज मोजलं होतं. अहवालात लिहिलं, "उतार जेमतेम, पाणी बेताचं. छोटं टर्बाइन बसवा, वर्षभर फिरेल." मुख्य अभियंत्यांनी नेमका पुराच्या आठवड्यातला आकडा उचलला, चौपट मोठं टर्बाइन ठरवलं आणि भर बैठकीत म्हणाले, "बाई, अंथरूण पाहून पाय पसरायचे दिवस गेले!" सगळे खदाखदा हसले. तिने मनात डूख धरला.

ऐन पुराच्या दिवसांत झालेल्या उद्घाटनाला तिने हौसेने पितळी पाटी करून आणली: 'या यंत्राचा आकार खुद्द मुख्य अभियंत्यांनी ठरवला.' साहेब फुलून गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने ती टर्बाइनवर बसवली.

पूर ओसरला, पाणी अपुरं पडलं आणि चाक थांबलं.

आता पाहुणे विचारतात, "हे बंद का?"

ती फडक्याने तेवढी पाटी पुसते.