मोठे डॉक्टर येईपर्यंत

“मोठे डॉक्टर कवा येणार?” पारिसाअण्णांनी पुन्हा विचारलं.

डॉ. रचना त्यांच्या आईच्या, जयाबाईंच्या पायांवरची चादर उचलून बघत होती. रक्त पोचेनासं झाल्यानं गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. लघवीची पिशवी कालपासून कोरडी. हृदय थकलेलं, मूत्रपिंडं बंद पडलेली, डायलिसिस सोसवणार नव्हतं. हे सगळं तिनं अण्णांना सकाळीच समजावून सांगितलं होतं.

“अण्णा, तेही हेच सांगतील. आज आई बोलताहेत, माणसं ओळखताहेत. आत्ताच घरी न्या.”

“तसं न्हवं म्याडम. तुमी हितं असताच की कायम. पर त्येंनी बघितल्याबिगर कसं?”

हे कायम असणंच रचनाला नडत आलं होतं. बेळगावच्या या दवाखान्यात पेशंट दाखल झाला की घरी जाईपर्यंत तो तिचा. कुणाचा ताप चढला, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, कोण ताट तसंच परत धाडतं, सगळं तिच्या डोक्यात. बरा झालेला माणूस मात्र पेढे घेऊन तिलाच मोठ्या डॉक्टरांची केबिन विचारायचा. एरवी तिला हसू यायचं. आज राग आला.

जयाबाईंनी तिचा हात धरला. “बाई, सुद हाय तवर गावाकडं, भोजला न्ह्या म्हणावं मला.”

मोठे डॉक्टर हुबळीला गेले होते. रचनानं त्यांना फोन लावून अण्णांच्या हातात दिला. “व्हय सायेब, व्हय सायेब,” करत अण्णांनी ऐकलं. “न्ह्या म्हणाल्यात. पर दुपारी येणारच हाईत. डोळ्यानं बघू द्या की एकदा.”

“तोवर त्या बोलत्या राहणार नाहीत, अण्णा.”

अण्णा स्टूल ओढून आईच्या उशाशी बसले. माणूस वाईट नव्हता. आईला मरायला घरी न्यायचं, हे आपल्या तोंडून ठरावं, एवढंच त्यांना झेपत नव्हतं.

दुपारी जयाबाईंची बोटं चादर चाचपू लागली. मग तीही थांबली.

मोठे डॉक्टर आले. नाडी बघून त्यांनी रचनाचंच सकाळचं बोलणं दोन मिनिटांत सांगितलं. अण्णांनी हात जोडले. “तुमी म्हणताय म्हंजे झालं. न्हेतो.” आणि वाकून हाक मारली, “आई, घरला जायाचं.”

जयाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

रचना स्ट्रेचरबरोबर खाली ॲम्ब्युलन्सपर्यंत आली. ऑक्सिजनची नळी नीट केली. श्वास फार लांबून लांबून येत होता. भोज दोन तासांवर.

“अण्णा, वाटेतच जातील,” तिनं सांगून टाकलं.

त्यांनी मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, “म्याडम, हिला ऐकू येतंय का?” या वेळी त्यांना मोठ्या डॉक्टरांची आठवण झाली नाही.

“येत असेल. बोला.”

अण्णांनी तोंड आईच्या कानाशी नेलं. “आई, भोज आलं बग. भाईरच्या सोप्यात निजवलंय तुला. दारातनं बस्तीचा कळस दिसाय लागलाय, देवाला हात जोड.” आणि फाटक्या आवाजात ते णमोकार मंत्र म्हणू लागले.

गाडी अजून दवाखान्याच्या आवारातच होती. ड्रायव्हरनं किल्लीला हात घातला. रचनानं त्याला खुणेनं थांबवलं.