सात ठिपके

विधिमंडळाच्या दप्तरखान्यातल्या शिडीवरून उतरताना बाईंनी वही काखेत धरली होती. साहेबांनी ती घ्यायला हात पुढे केला, पण बाईंनी दिली नाही. खाली येऊन ओल्या फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली, टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवली आणि वर चष्म्याची डबी ठेवली.

"एवढा अविश्वास?" साहेब हसले. "वही घेऊन पळायचं वय राहिलं नाही माझं."

"वयाचा प्रश्न नाही, साहेब. लघुलेखकाची वही सभासदाच्या हातात देत नाहीत. सभापतींनी मागितली तरी वाचूनच दाखवायची."

सभागृहात साहेबांना सगळे 'तोफ' म्हणत. ते उभे राहिले की डुलक्या घेणारे जागे होत. बाई गेली तीस वर्षं सभापतींच्या खालच्या टेबलाशी बसून ती तोफ कागदावर उतरवून घेत आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी मात्र साहेब सभागृहात नव्हे, कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी समलिंगी आहे. आजचा नाही, कायमचाच." बाईंनी घरी भाजी चिरता चिरता ते ऐकलं होतं. सुरी तेवढी थांबली होती.

"या चार दिवसांत आली तेवढी पत्रं मला चाळीस वर्षांत आली नव्हती," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "निम्मी शिव्यांची."

"आणि उरलेली?"

"लग्नाच्या मागण्या."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

मग साहेब मुद्द्यावर आले. बावीस वर्षांपूर्वी अशा माणसांना शाळेत शिकवायला बंदी करणारा कायदा झाला. त्याच्या बाजूनं सगळ्यांत गाजलेलं भाषण साहेबांचंच होतं. आता तो कायदा रद्द करायचं विधेयक आलं होतं आणि उद्या मतदान होतं.

"माझ्या शब्दावर चालणारे पाच जण आहेत. अजून तळ्यात-मळ्यात. म्हणतात, साहेब वाऱ्याबरोबर फिरले. मला दाखवायचंय की मी तेव्हाही मनापासून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोलता बोलता माझी वाचा बसली होती, बाई. वर गॅलरीत तो बसला होता. माझा... तो. मी वर पाहिलं आणि शब्दच फुटेना. छापील वृत्तांतात ते नाही. पण बोलणारा थांबला की तुम्ही वहीत ठिपके देता, हे मला माहीत आहे."

ते खरं होतं. बोलणारा गप्प झाला तरी हात थांबवायचा नाही, श्वासाला एक ठिपका द्यायचा, असं बाईंना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. छापताना ठिपके गळत.

"तेवढ्याचा दाखला द्या. सही-शिक्क्यानिशी."

बाईंनी वही उघडली. पानं पिवळी पडली होती, पण पेन्सिलीच्या खुणा जागच्या जागी होत्या. बोट फिरवत त्या एका ओळीशी थांबल्या.

"सात ठिपके आहेत."

"सात!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा! मी काय सांगत होतो?"

"त्याच्या मागचंही वाचते." आणि बाईंनी नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं, "'ज्याच्या हाती आपण लेकरं सोपवतो, तोच असा निघाला तर? कुंपणच शेत खातंय, सभापती महोदय, आणि वर कुंपणाला पगार सरकारी!' कंसात, हशा. मग सात ठिपके. मग, 'म्हणून या विधेयकाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.'"

साहेबांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

"हशा विसरलो होतो मी."

"हशा, की विनोद?"

"दोन्ही," ते हळू म्हणाले. "तो त्याच वेळी उठून गेला, बाई. मला हसणं ऐकूच आलं नाही. त्याची पाठ दिसत होती फक्त."

"असेल तसं. मी मान खाली घालून लिहिते, मला गॅलरी दिसत नाही. ठिपके माझे, त्यांच्या आतलं तुमचं. हशा ओसरायची वाट बघणारा माणूसही सातच ठिपके गप्प राहतो."

"मग कंसातलं सोडा. नुसत्या ठिपक्यांचा द्या. खोटं एक अक्षर नाही त्यात." साहेब पुढे वाकले. "पाच मतं आहेत. तेवढ्यावर तो कायदा रद्द होतो."

बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ शाळेत भूमिती शिकवायचा. कायदा लागू झाला आणि तिसऱ्या महिन्यात त्याला घरी बसवलं. तो देश सोडून गेला. आता कुठल्याशा दूरच्या शहरात काचेच्या दुकानात मापं घेऊन काचा कापतो. भूमिती काही सुटली नाही ताई, असं फोनवर म्हणतो आणि स्वतःच हसतो. कायदा गेला तर परत येईन, अजून दहा वर्षं शिकवीन, असंही गेल्या आठवड्यात म्हणाला होता.

"त्या पाचांपैकी तेव्हा कुणी हसलं होतं?" बाईंनी विचारलं.

"सगळेच हसले असतील. तुम्ही लिहिलं असेल ना?"

"कोण हसलं ते आम्ही लिहीत नाही. हशा सगळ्या सभागृहाचा असतो."

वाक्य पुरं झालं आणि बाईंचं बोट वहीतल्या कंसावर थांबलं. मग त्यांनी दोन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातला आणि लिहायला लागल्या. हात कुठंही अडखळला नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि वरचा कागद साहेबांपुढे सरकवला.

साहेबांनी वाचलं. विनोद होता. हशा होता. सात ठिपके मोजून होते. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'वरील हशात खाली सही करणारी लघुलेखिकाही सामील होती.'

"तुम्ही?"

"माझा भाऊ शिक्षक होता, साहेब. तसाच. मला लहानपणापासून माहीत होतं. मी हसले नसते तर शेजारी बसलेल्यानं माझ्याकडे पाहिलं असतं."

साहेबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी सावकाश.

"हे वाचून ते पाच जण माझ्यामागे येतील?"

"तुमच्यामागे कशाला यायला हवेत? तुमची वाचा बसली होती हे ऐकून ते फार तर हळहळतील. आपणही हसलो होतो हे आठवलं, तर हात वर होईल त्यांचा."

"आणि मी वरचं तेवढंच वाचलं तर? तुमची ओळ सोडून?"

"सोडू नका. समोरच बसलेली असेन मी, पेन्सिल घेऊन."

साहेब उठले. मान डोलावून बाहेर पडले. दाखला त्यांनी घडी न घालता हातातच धरला होता.

बाईंनी वही जागच्या जागी ठेवली, शिडी भिंतीला लावली आणि दार ओढून घेतलं. मग फोन उचलला. बऱ्याच वेळानं पलीकडून काच कापल्याचा आवाज आला आणि मग भावाचा.

"ताई? मतदान उद्या ना?"

"उद्याच. पण त्याआधी तुला एक वाचून दाखवायचंय. हातातली काच खाली ठेव."

"ठेवली. वाच."

बाईंनी कार्बनची प्रत समोर धरली आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.