सॉफ्टवेअरचा खाडा

माझी पुतणी वल्लरी हिने पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि खानावळी चालवणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर तयार केलं. कोण जेवलं, कोण नाही, कुणाचा डबा कुठे गेला, हे सगळं त्यात फोनवर दिसतं. खानावळवाल्याने त्यासाठी दरमहा वर्गणी भरायची. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत एकतीस जणांनी ते घेतलं होतं. त्यांतले अठरा सोडून गेले आणि तेरा उरले.

माझे थोरले बंधू, म्हणजे वल्लरीचे वडील, यांनी तिला मुदत दिली होती. दसऱ्याला वीस खानावळी दिसल्या पाहिजेत, नाहीतर तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावात एका कारखान्याच्या ऑफिसात जागा आहे, तिथे रुजू व्हायचं. दादा शब्दाचे पक्के आहेत. मी त्यांच्याच घरात माडीवर राहतो आणि बासष्ट वर्षांत त्यांना उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

इंटरनेटवर 'वर्गणीवाले' नावाचा एक समूह आहे. वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणारी मराठी माणसं तिथे विक्री कशी करावी याची चर्चा करतात. दर गुरुवारी संध्याकाळी कुणा एकाचं सॉफ्टवेअर 'चावडी'वर येतं. तीनशे लोक ते बघतात, प्रश्न विचारतात, आवडलं तर ओळखीत शिफारस करतात. वल्लरीला ती चावडी हवी होती. पण नियम असा, की आधी इतरांच्या अडचणींना वीस उत्तरं द्यायची आणि ती कुणाला तरी उपयोगी वाटली पाहिजेत. ती दिवसभर खानावळींच्या दारात उभी असायची. तिची तीन उत्तरं झाली होती.

"काका, उरलेली सतरा तुम्ही द्या," ती म्हणाली. "तुम्हाला आपल्याकडचे ग्राहक-संवाद प्रमुख केलंय मी."

"मला त्यातलं काय कळतं? मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो."

"तिथे लोक वर्गणी भरायचे ना? आणि यायचे बंद व्हायचे ना?"

हे मात्र खरं होतं.

पहिलं उत्तर लिहायला मला अडीच दिवस लागले. साताऱ्याच्या एका बाईंनी विचारलं होतं, की आम्ही ग्राहकांना ईमेल पाठवतो, कुणी उघडतच नाही, काय करावं? मी 'स. न. वि. वि.' घालून लिहिलं, की आम्ही पोस्टकार्ड पाठवत असू. ते उघडावं लागत नाही. पोस्टमन वाचतो, मग शेजारी वाचतात, आणि संध्याकाळपर्यंत ज्याला पाठवलं त्याच्याही कानावर जातं. तेव्हा महत्त्वाचं वाक्य पाकिटाच्या आत न ठेवता वरच लिहावं. चाळीस जणांनी 'उपयोगी' अशी खूण केली. मला रात्रभर बरं वाटेना. आपण लोकांची दिशाभूल तर केली नाही ना? सकाळी खाली पुरवणी जोडली: 'वरील अनुभव १९८४ सालचा आहे. कृपया स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा.' त्यालाही तीस खुणा आल्या.

तिथे स्वागतक नावाचे एक गृहस्थ होते. रोज सकाळी सात वाजता ते मला विचारत, आज तुम्ही समूहासाठी काय करणार? मी लिहीत असे, की तब्येत बरी आहे, प्रयत्न करीन, आपण कसे आहात? ते माझ्या तब्येतीविषयी कधी बोलले नाहीत, पण चिकाटीने विचारत राहिले. अकराव्या दिवशी समूह चालवणाऱ्या यशोधराताईंनी मला खासगीत कळवलं, की ते यंत्र आहे. मला माहीत नव्हतं हे त्यांना कळू नये म्हणून मी आणखी दोन दिवस उत्तरं देत राहिलो.

उत्तरं वीस झाली आणि दसऱ्याआधीच्या दुसऱ्या गुरुवारची चावडी आम्हाला मिळाली.

त्याच सुमारास धवल नावाच्या, समूहात मोठा मान असलेल्या एका तरुणाने कुणाला तरी सल्ला दिलेला मी वाचला: जे सोडून गेले त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा. वल्लरी म्हणाली की ते लोक तिचा फोनही उचलत नाहीत. मग मंगळवारी मीच निघालो. माणसांशी बोलणं मला जमत नाही, म्हणून जवळ वही ठेवली. तळेगावला उतरून सहा आसनी रिक्षाने नवलाख उंबऱ्याला गेलो. तिथे नंदाबाईंची खानावळ आहे, कारखान्यांत काम करणारी साठेक पोरं तिथे जेवतात. सोडून गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं.

"जेवाय आलात का आबा?"

"नाही. मी सॉफ्टवेअरकडून आलोय."

"मंग तर जेवाच," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटी भांडाण नगं."

ताट पुढे आलं. मी दोन घासांमध्ये वही उघडली आणि आपण सेवा का थांबवली, असं विचारलं.

"पोरांचा खाडा आमी धरतो का न्हाई? पोरगं चार दिस गावाला गेलं, जेवलं न्हाई, तर चार दिसाचं पैसं कापतो. ही आजची रीत न्हाई, माज्या सासूच्या वक्तापासून हाय. मे म्हैन्यात समदी पोरं लग्नाकार्याला गेली, माजी चूल म्हैनाभर बंद. तुमच्या त्यानं मातुर वर्गणी घेतली. त्यानं काय खाल्लं म्हैनाभर?"

मी लिहून घेतलं.

"आमी पोरांचा खाडा धरायचा, आन आमचा खाडा कोन धरनार?"

"हे तुम्ही वल्लरीला सांगितलं का?"

"लय गोड पोरगी हाय ओ. तिला कसं बोलायचं? म्हनून बंद केलं."

त्या दिवशी मी आणखी चौघांना भेटलो. चौघांनी कमीअधिक तेच सांगितलं.

घरी आलो तेव्हा वल्लरी चावडीची तयारी करत होती. चेहरा फुललेला होता. तिला सांगायचं म्हणून मी दोनदा जिना उतरलो, एकदा पाणी पिऊन वर आलो आणि एकदा पेपर घेऊन.

गुरुवारी संध्याकाळी सहाला चावडी सुरू झाली. वल्लरी खाली तिच्या संगणकावर, मी माडीवर माझ्या. पहिली अर्धी चर्चा छान झाली. मग धवलने विचारलं, 'किती ग्राहक सोडून गेले, आणि का?'

ग्राहक-संवाद प्रमुख मी होतो. प्रश्न मलाच आहे असं मी समजलो. वहीतून उतरवून सगळं लिहिलं: एकतीसपैकी अठरा, नंदाबाईंचे शब्द जसेच्या तसे, खाली माझी सही. पाठवलं. बरोब्बर त्याच क्षणी वल्लरीचंही उत्तर आलं. एकाखाली एक दिसू लागलं. तिचं होतं: 'हंगामी कारणांमुळे थोडी गळती आहे, पण लोकांना प्रॉडक्ट मनापासून आवडतं.' त्याखाली माझं: 'त्यानं काय खाल्लं म्हैनाभर?'

जिन्यावर पावलं वाजली.

"काका, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तीनशे लोकांसमोर सांगितल्यावर?"

"ते तीनशे लोक माझ्या लक्षात राहिले नाहीत. मी फक्त धवलला उत्तर देत होतो."

ती खुर्चीवर बसली आणि माझ्या पडद्याकडे बघू लागली. तिथे जुंपली होती. धवलने लिहिलं, 'ग्राहकाला थांबायची सोय आपणच करून द्यायची? याला विक्री म्हणत नाहीत.' साताऱ्याच्या बाईंनी उलट लिहिलं, की माझे शिकवणीवाले दर मे महिन्यात जातात ते परत येत नाहीत, मला खाडा हवाच. कुणी कोल्हापूरहून दूधवाल्यांचा दाखला दिला. वल्लरीने माझ्याच यंत्रावरून, माझ्याच नावाने एक ओळ लिहिली: 'रविवारपर्यंत खाडा येईल.' आणि ती खाली गेली.

मी यशोधराताईंना माफीचं पत्र पाठवलं, की माझं नाव समूहातून काढावं. त्यांनी कळवलं, तुमचं उत्तर वर टाचून ठेवलं आहे. आमच्या ग्रंथालयात पुस्तकं न परत करणाऱ्यांची नावं फळ्यावर टाचत असू. मी दोन दिवस समूह उघडला नाही.

रविवारी खाडा आला. खानावळवाल्याने बटण दाबायचं, परत कधी सुरू करणार ती तारीख घालायची, तोवर वर्गणी बंद. वल्लरी आणि मी सोडून गेलेल्यांच्या दारोदार फिरलो. मी वही धरायचो, ती बोलायची. नऊ जण परत आले. त्यांतल्या सहा जणांनी तिथल्या तिथे, आमच्यासमोरच, खाडा लावला. दसऱ्याला पोरं गावाला जाणार होती.

दसऱ्याच्या सकाळी दादांनी फोन हातात घेतला. पडद्यावर दिसत होतं: चालू सोळा, खाड्यावर सहा.

"सोळा," दादा म्हणाले.

"बावीस, बाबा."

"जे बंद आहेत ते धरायचे नाहीत."

कारखान्याचं पत्र टेबलावरच होतं. मग आवाज आला तो माझाच होता.

"दादा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने तू सकाळी फिरायला गेला नाहीस. तुमच्या त्या मंडळातून तुझं नाव कुणी काढलं होतं का?"

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाट बोललं होतं.

"ते वेगळं. मी परत येणार होतो."

"हेही येणार आहेत," मी म्हणालो. "तारखा दिल्यात त्यांनी. तू दिली नव्हतीस."

दादांनी चष्मा लावून सहाही तारखा वाचल्या. नंदाबाईंची सोमवारची होती. बराच वेळ ते फोन वरखाली करत राहिले.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "त्या नोकरीच्या अटीचाही मग सध्या खाडा धरा."

"परत कधी सुरू, ते घालावं लागतं, बाबा," वल्लरी म्हणाली. "त्याशिवाय खाडा लागत नाही."

"नंतर सांगतो."

"नंतर असा पर्याय नाही त्यात."

दादांनी तारखांच्या खिडकीत अंगठा फिरवायला सुरुवात केली. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, संक्रांत गेली. ते थांबेनात, आणि आम्ही दोघंही त्यांना थांबा म्हणालो नाही.