केशरबाईचे अकरा कप

केशरबाईच्या कॉफीबरोबर बशी मिळत नसे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे हटकून खटकायचं. अमरावतीत तेव्हा जो तो चहा बशीत ओतून, फुंकर घालून, मोठ्यानं भुरके मारत प्यायचा. बशी मागितली की केशरबाई विचारायची, वास प्यायचा आहे की नुसतं गरम पाणी? बशीत ओतली की वास उडून जातो आणि मागं उरतं ते कडू पाणी. एवढं ऐकूनही कोणी बशीचाच हट्ट धरला, तर ती त्याला समोरच्या पुंजारामच्या हॉटेलची वाट दाखवायची. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख तिला फारसं नसे. कॉफी वाया गेल्याचं मात्र असे.

बडनेऱ्याच्या रस्त्यावर किसनराव पाटलांची संत्र्यांची वखार होती. मोर्शीकडच्या बागांतला माल तिथं यायचा, निवडला जायचा, गवतात बांधून रेल्वेनं मद्रास-कलकत्त्याला जायचा. वखारीच्या फाटकालगत कडुनिंबाखाली केशरबाईची चूल होती. जागा किसनरावांची. दर पाडव्याला ते वर्षभराची चिठ्ठी लिहून देत, तेवढ्यावर तिचं दुकान उभं राही. वखारीत माल निवडणाऱ्या बाया आणि हमाल बरेचसे केशरबाईच्याच वस्तीतले, तेव्हा त्यांची सोय म्हणून पाटलांनी जागा दिली होती. स्वतः त्यांनी तिच्या दुकानाकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

कॉफीचं हे वेड तिला बापाकडून आलेलं. डोमाजी चिखलदऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. त्या डोंगरावर कॉफीची झाडं होती, अजून आहेत. केशर आठ वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसून लोखंडी कढईत दाणे हलवायची. पहिल्यांदा दाणे तडतडतात तेव्हा नुसता भाजक्या गवताचा वास येतो, तेव्हा उतरवायचे नाहीत. दुसऱ्यांदा तडतडू लागले की कढई खाली घ्यायची, मग कोणी हाक मारो की घराला आग लागो. दाणे रोज दळायचे, त्या दिवसापुरते. पाणी उकळलं की क्षणभर खाली ठेवायचं आणि मग फडक्यातून सोडायचं. दूध वेगळं तापवायचं. जायफळाचं तर नावच काढायचं नाही. जायफळ ही शिळी पूड लपवायची सोय आहे असं तिचं मत होतं, आणि ते ती ऐकणाऱ्याची पर्वा न करता सांगायची.

साखरेची वाटी फळीवर वेगळी ठेवलेली असे, पण पहिला घोट बिनसाखरेचा. तो जिभेवर धरायचा. कडूपणा घशाखाली उतरून निघून गेला पाहिजे आणि मागं जरासा गोडवा राहिला पाहिजे. कडू तसंच बसून राहिलं तर दाणा जळलेला, आंबट लागलं तर कच्चा, आणि काहीच उरलं नाही तर शिळा. वखारीतला धर्मपाल हमाल सुरुवातीला हे ऐकून हसायचा. वर्षभरात तो असा तयार झाला की एका घोटात सांगायचा, वयनी, आज तुमचं ध्यान कुठं होतं?

आणि कप. ते अकरा होते. केशरबाईचा नवरा बुधाजी बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होता. स्टेशनवरच्या जुन्या सामानाच्या लिलावातून त्यानं ते आणले होते. जाड, पांढरे, बिनबशीचे, त्यातल्या एकाच्या काठाचा टवका उडालेला. ते सगळे दिवसभर एका पातेल्यात गरम पाण्यात बुडवलेले असत. थंड कपात ओतलेली कॉफी ओतल्याबरोबर मरते, हे डोमाजीचं वाक्य होतं. हमाल असो, अडत्या असो, पातेल्यात हात घालून जो कप हाती येईल तो ती पुढं करायची.

या शेवटच्या गोष्टीला आणखीही एक कारण होतं. पुंजारामच्या हॉटेलात केशरबाईच्या लोकांसाठी बाहेर ओट्यावर तीन टिनाचे मग ठेवलेले असत. चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर आपला मग आपणच धुऊन परत ठेवायचा. केशरबाईनंही तो कैकदा धुतला होता. छप्पनच्या दसऱ्याला ती आणि बुधाजी नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आले. परतल्यावर तिनं पुंजारामच्या ओट्यावरचे तिन्ही मग पालथे घातले आणि सरळ घरी आली. दुसऱ्या महिन्यात तिनं कडुनिंबाखाली चूल मांडली.

ही गोष्ट अठ्ठावन्नच्या फाल्गुनातली. मृगाच्या बहाराचा माल जोरात होता आणि किसनराव रोज वखारीत येऊन बसत. माल विकायला ते दरवर्षी मद्रासला जात, तिथल्या दलालाकडे महिनाभर राहत. तिथं त्यांना खऱ्या कॉफीची चटक लागलेली. घरी कौशल्याबाई त्यांना जायफळ घातलेलं गोड दूध कॉफी म्हणून देत, आणि ते बिचारे मुकाट्यानं पीत. वखारीच्या गादीवर बसल्या बसल्या फाटकाकडून वास यायचा. माणूस किती दिवस नाक दाबून बसणार? एके सकाळी त्यांचा जुना नोकर जानराव चांदीचा पेला घेऊन केशरबाईपुढं उभा राहिला. पाटलांना कॉफी हवी होती.

केशरबाईला आनंद झाला. तो तिनं लपवलाही नाही. ज्याला कॉफी कळते असं गिऱ्हाईक चालत आलं होतं. चांदीचा पेला बघून तिला वाटलं, पाटलांना एवढंच ठाऊक नसेल. चांदी ओठ भाजते आणि कॉफी मात्र लगेच निववते. तिनं जानरावच्या हातातला पेला घेतला, पातेल्यातल्या गरम पाण्यात बाकीच्या कपांबरोबर नीट बुडवला, पुसला, कॉफी भरून त्याच्या हातात दिला. जानरावचा चेहरा पांढरा पडला, तो का, हे तिला कळलं नाही. तिनं उलट निरोपही दिला की पाटलांना सांग, उद्यापासून आमच्या कपात प्या, चव वेगळी लागेल.

ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. जानराव पुन्हा तोच पेला घेऊन आला. या खेपेला त्यानं तो हातातच धरून ठेवला आणि खाली बघत सांगितलं की पेल्याला हात लावायचा नाही, वरून ओतायची. काल पेला चिंचेनं घासून विस्तवातून काढावा लागला होता, आणि कालची कॉफी गटारात गेली होती. केशरबाईच्या हातात किटली होती. ती तिनं चुलीवर परत ठेवली. आपण काल किती भोळेपणानं तो पेला पुसला होता, याची तिला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. तिनं जानरावला रिकामा परत पाठवला.

संध्याकाळी निरोप आला. पाडवा आठ दिवसांवर आहे, नवी चिठ्ठी हवी असेल तर पाटलांच्या पेल्यात कॉफी पडली पाहिजे.

बुधाजी भांडणाला भिणारा माणूस. तो म्हणाला, वरून ओतली तर आपलं काय झिजतं? कॉफी तीच, हात तोच. जागा गेली तर दुसरीकडे कोण उभं करणार आहे? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर केशरबाईला जास्त राग आला.

"ओट्यावरचा मग मी पालथा घातला तो काहून?" ती म्हणाली. "उद्या तोच मग चांदीचा झाला म्हून काय उचलू? वरून ओतली ते कॉफी नाई, भीक हाये. आन् भीक मले घेता येत नाई तशी देताबी येत नाई."

त्या आठवड्यात जानराव रोज पेला घेऊन आला आणि रोज रिकामा गेला. ही बातमी वखारभर झाली. माल निवडणाऱ्या बाया काम सोडून फाटकाशी येऊन उभ्या राहत. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी किसनराव स्वतः बाहेर आले. मागं जानराव, त्याच्या एका हातात पेला, दुसऱ्या हातात कोरी चिठ्ठी आणि दौत. पाटील कडुनिंबाच्या सावलीत येऊन थांबले. बसले नाहीत.

केशरबाईनं नमस्कार केला, पातेल्यात हात घातला आणि जो कप आला तो भरून फळीवर त्यांच्यापुढं ठेवला. साखरेची वाटी जवळ सरकवली. कपातून वाफ निघत होती.

किसनराव समजुतीनं बोलू लागले. रीत काही आपण घातलेली नाही, चार लोकांत राहायचं तर सांभाळावी लागते, तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, वगैरे वगैरे. बोलणं लांबलं. केशरबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती, कपाकडे पाहत होती. वाफ विरळ झाली, मग दिसेनाशी झाली. तिनं कप उचलला, झाडाच्या बुंध्याशी कॉफी ओतून दिली, कप पातेल्यात टाकला, दुसरा काढला, भरला, पुन्हा फळीवर ठेवला.

पाटलांचा आवाज चढला. चिठ्ठीवर सही होणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तीही कॉफी निवली आणि बुंध्याशी गेली. धर्मपाल पोत्यावर बसून होता, तो उठून उभा राहिला. केशरबाईनं किटली हलवून पाहिली. त्या दिवसाच्या पुडीतली शेवटची कॉफी उरली होती, एका कपाची. तिनं ती कपात ओतली.

"पाटील, तुमाले कॉफी समजते म्हून सांगून राहिली," ती म्हणाली. "येवढीच हाये. वाफ हाये तोवर प्या नाई तर राहू द्या. तुमच्या चिठ्ठीसाठी मी कॉफी मारनार नाई."

किसनरावांनी कपाकडे पाहिलं. वास त्यांच्या नाकाशी होता आणि फाटकात पन्नास माणसं उभी होती. काय झालं कोण जाणे, त्यांनी झटकन कप उचलला आणि पहिला घोट घेतला. साखर न घालता. घोट त्यांनी जिभेवर धरला, डोळे किंचित मिटले. जागेचं केशरबाई त्या क्षणी विसरलीच होती. कडू निघून गेलं का, गोडवा राहिला का, एवढंच तिला त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचं होतं. राहिला होता. पाटलांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

तेवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पण जानराव मालकाची अब्रू सांभाळायला पुढं सरसावला. म्हणाला, हा कप आता मालकांचा, बाजूला ठेव, दुसऱ्या कोणाला देऊ नको. किसनरावांनाही ते पटलं. त्यांनी मान डोलावली, आणि चिठ्ठीसाठी हात पुढं केला. कप वेगळा राहिला की सगळ्यांचंच भागत होतं. बुधाजी असता तर त्यानं सुटकेचा श्वास सोडला असता.

केशरबाईनं कप घेतला, चांगला घासून धुतला आणि पातेल्यात सोडला. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घालून सगळे कप गोल फिरवले.

"वेगळा कप इथं कोनाचाच नाई," ती म्हणाली. "हमालाचा नाई तसा तुमचाबी नाई. आता तुमचा कोन्ता ते मलेबी सांगता येत नाई."

किसनराव हात मागं घेऊन फाटकातून आत गेले. चिठ्ठी कोरीच राहिली.

पाडव्याच्या दिवशी वखार बंद होती. त्याच्या दुसऱ्या सकाळी केशरबाईनं चिठ्ठीशिवाय चूल पेटवली. उचलून फेकतील तेव्हा फेकतील, तोवर दाणे भाजायचे असं तिनं ठरवलं होतं. राग हातात होता, पण दाणे दुसऱ्यांदा तडतडल्याबरोबर कढई खाली आली. पहिली किटली उतरली तोवर माणसं जमली. दहा कप दहा हातांत गेले. अकरावा, टवका उडालेला, धर्मपालच्या हातात होता.

किसनराव रस्त्यानं एकटेच चालत आले. बरोबर जानराव नव्हता, पेला नव्हता. ते फळीसमोर बसले. माणसं सरकली, त्यांना जागा झाली. पातेल्यात एकही कप उरलेला नव्हता, हे त्यांनाही दिसलं. धर्मपालनं घाई न करता शेवटचा घोट घेतला आणि कप केशरबाईकडे दिला. तिनं तो पाटलांच्या डोळ्यांसमोर धुतला, गरम पाण्यात बुडवला, काढला, भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

पाटलांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली, सही केलेली, आणि तिच्यापुढं धरली.

केशरबाईनं हात पुढं केला नाही.

"ते राहू द्या बाजूले," ती म्हणाली. "कॉफी थंडी होऊन राहिली."

किसनरावांनी चिठ्ठी फळीवर ठेवली. टवका उडालेली बाजू पलीकडे फिरवली आणि कप ओठांना लावला. कप रिकामा होईपर्यंत केशरबाईनं त्या कागदाकडे पाहिलं नाही.