एका थराची भिंत

"भिंतीला सांग, आज पालिकेत सुनावणी आहे म्हणावं," धाकटा भाऊ शाळेच्या व्हॅनची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला.

"भिंतीला सांग, मला ठाऊक आहे," गवंडी दाढी करता करता म्हणाला.

भिंत काही बोलली नाही. तेवढी तिची उंचीच नव्हती. मधल्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विटांचा एकच थर, मांजरही झोपेत ओलांडील असा. पण घरात तिचा दरारा मोठा. पलीकडे जायचं तर आधी हवेत टकटक करायची पद्धत होती. टीव्ही धाकट्याच्या राज्यात. गवंड्याची बायको अलीकडे बसून, आपण टीव्ही बघतच नाही अशा चेहऱ्याने रोज मालिका बघे. आणि पलीकडची जाऊ, आपण कोणासाठी काही करतच नाही अशा चेहऱ्याने आवाज वाढवी.

सगळा दोष पुराचा. नदी खिडकीपर्यंत आली, न्हाणीघराचं दार फुगलं आणि नवं करायची वेळ आली. दार आत उघडावं असं गवंड्याचं मत, बाहेर उघडावं असं धाकट्याचं. पुरात एकाच दोराने फ्रिज गच्चीवर चढवणाऱ्या दोघा भावांना हे दार काही पेललं नाही. बोलता बोलता गोष्ट दारावरून सासुरवाडीवर गेली, आणि संध्याकाळी गवंड्याने दोरी ताणून खोलीच्या मधोमध पहिला थर टाकला.

"छताला टेकल्याशिवाय थापी खाली ठेवणार नाही!" तो शेजाऱ्यांदेखत गरजला.

दुसऱ्याच दिवशी पालिकेने पूररेषेच्या आत तात्पुरती बांधकामबंदी लावली. थापी खाली ठेवावी लागली. "ठीक आहे, मग बंदी उठेल त्या दिवशी!" गवंडी पुन्हा गरजला, आणि फसला.

कारण न्हाणीघराला तोवर पडदा लावला होता, आणि पडदा आतही उघडतो, बाहेरही. भांडण उरलंच नाही. उरला तो शब्द. आणि शब्दाचा पक्का म्हणून तर लोक त्याला कामाला बोलवत. तो दिवसभर उंचावरच्या वस्तीत परक्यांच्या भिंती उभ्या करी आणि आपली होत नाही याचा गुपचूप आनंद मानी. पहिल्यांदा बंदी वाढली तेव्हा त्याने घरात पालिकेला शिव्या घातल्या आणि बाहेर जाऊन एकट्याने आइस्क्रीम खाल्लं.

आता मुदत पुन्हा संपत होती. अंगणात रचलेल्या विटा त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"चांगलं खडसावून या," बायको इस्त्रीचा शर्ट देत म्हणाली. "उठवा म्हणावं ती बंदी. होऊन जाऊ दे एकदाची भिंत." हे बोलताना तिने टीव्हीकडे का पाहिलं, ते त्याने विचारलं नाही.

पालिकेच्या सभागृहात जो तो बंदीवर तुटून पडला होता. कोणाला वरचा मजला हवा होता, कोणाला दुकान. एका जाड गृहस्थांना नदीकडे तोंड करून बाल्कनी हवी होती, म्हणजे पुढचा पूर नीट दिसेल.

"बंदी वाढवावी असं कोणाला वाटतं?" अधिकाऱ्याने विचारायचं म्हणून विचारलं.

गवंडी उठला. अधिकाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काम काय करता?"

"गवंडीकाम."

"आणि बांधकामावर बंदी हवी?"

"हो साहेब. पाणी येतं."

"अरे बाबा, तुझं पोट आहे ना त्याच्यावर!" बाल्कनीवाले कळवळले.

"पोट वर भरतं. राहायला मी खाली आहे."

लोक हसले. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "माझंही तेच म्हणणं आहे."

मुलांना शाळेत सोडून धाकटा तसाच आला होता.

"आपण कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

धाकट्याने गवंड्याकडे पाहिलं. मध्ये भिंत नव्हती, त्यामुळे कोणाला सांगावं त्याला कळेना.

"यांचा भाऊ," तो शेवटी म्हणाला.

नवी पूररेषा आखून व्हायची होती, म्हणून बंदी वर्षभर वाढली. बाहेर व्हॅन उभी होती.

"दादा, मागे बस. पुढच्या सीटवर पहिलीतल्या पोराने उलटी केलीये."

इतक्या दिवसांनी भिंतीला वगळून बोललेलं पहिलं वाक्य हे असावं, याचं दोघांनाही काही वाटलं नाही. गवंडी चिमुकल्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन घरापर्यंत आला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"वाढवली मेल्यांनी. वर्षभर."

"काय तरी बाई एकेक!" म्हणत ती चहा ठेवायला वळली. पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला.

दोघे भाऊ भिंतीवर टेकले, एक इकडे तोंड करून, एक तिकडे.

"दादा, तोडून टाकायची का ही?"

"बंदीत तोडकामही येतं."

"खरंच?"

"येत असेल."

चहा आला. कप घेताना गवंड्याला खालची वीट हलल्यासारखी वाटली. त्याने चाचपून पाहिलं. सांध्यातला माल सुटून बोटाला लागला. सवयीने त्याचा हात खुंटीवरच्या थापीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्याला बंदी आठवली. हात पुन्हा कपावर आला, आणि वीट दुखावणार नाही अशा बेताने तो जरासा धाकट्याकडे सरकून बसला.